धडक कुणाची, आउट कोण?

सॉफ्टबॉलचा पंच झालो तेव्हा वाटलं होतं, स्ट्राइक नि बॉल मोजायचे, फुकटचा चहा प्यायचा आणि ठाण्याची लोकल पकडून घरी यायचं. मुली एकमेकींवर आदळतात, हे कुणी सांगितलंच नव्हतं. नियमांच्या पुस्तकात होतं म्हणा. पण मी चहापर्यंतच वाचलं होतं.

पहिल्या बेसचं, म्हणजे रनरनं धावत गाठायच्या पहिल्या टप्प्याचं, एक बरं असतं. तिथे शेजारी शेजारी दोन बेस जोडलेले, पांढरा फिल्डरचा, केशरी रनरचा. ठाणे स्टेशनच्या जिन्यावर अशी वाटणी कुणी केली तर त्याचा जाहीर सत्कार करायला हवा. बाकी मैदानात मात्र पंचानंच निवाडा करायचा. मारलेला बॉल फिल्डर पकडत असेल तर रनरनं वाट सोडायची, नाहीतर रनर आउट, खेळ तिथेच बंद. उलट, हातात बॉल नाही, मारलेला बॉल पकडायचाही नाही, आणि बाईसाहेब वाटेत उभ्या, तर चूक फिल्डरची. यात मेख अशी की खेळ लगेच थांबवायचा नाही. डावा हात आडवा करायचा, मूठ वळायची आणि पुढे काय होतंय ते बघत राहायचं.

परवा नेरूळला मी तसाच उभा. तिसऱ्या बेसवरून सुटलेली रनर, होम प्लेटसमोर (तिथे पोचली की रन) वाट अडवून रिकाम्या हातांची कॅचर, म्हणजे तिथली फिल्डर. धाड! धुरळा. मागून थ्रो आला, कॅचरनं तो झेलून पडल्या पडल्या रनरला टॅग केलं, म्हणजे आउट करायला बॉल टेकवला. माझी मूठ आडवीच. दोरीपलीकडून एक आजोबा कळवळून म्हणाले, "अहो, हात आखडला का? बाम आहे माझ्याकडे."

मी रन दिला. कॅचरचे बाबा दोरी ओलांडून आत.

"बॉल तिच्या हातात होता!"

"धडकेनंतर आला."

"नंतर म्हणजे कितीसा नंतर?"

तोवर दोघी मुली, एकीचं ढोपर सोललेलं, एकाच बाटलीतून पाणी पीत होत्या. त्यांना निकालाशी काही देणंघेणं नव्हतं.

"माझ्याकडे पुरावा आहे," म्हणत कॅचरच्या आईनं मोबाईल पुढे केला. सगळे डोकी घालून बघायला लागलो. रनर सुटली, कॅचर सरसावली, आणि नेमक्या त्या क्षणी "अगंऽऽ बाळाऽ" असा आवाज येऊन मोबाईल वर गेला.

पारसिकचा डोंगर मात्र सुरेख आला होता.