इंजिन बंद, सुई दहावर

किल्ली फिरवली, इंजिन अजून सुरू केलेले नव्हते आणि नव्या ऑइल प्रेशर मीटरची सुई सरळ दहावर जाऊन टेकली. गॅरेजमधला मुलगा खूश होऊन म्हणाला, "काका, बघा, प्रेशर फुल हाय." इंजिन बंद असताना तेलाचा पंप फिरत नाही आणि पंप फिरत नसेल तर दाब शून्य असतो, एवढी साधी गोष्ट ज्याच्या ध्यानात येत नाही त्याच्या हातात मी माझी गाडी दिली होती, आणि या कामाचे त्याने आठशे रुपये मजुरी घेतली. त्या दिवसापासून माझा जो संताप चालला आहे तो अजून शमलेला नाही.

हा मीटर मी हौसेखातर बसवलेला नाही. माझी व्हॅन जुनी आहे, इंजिन सीटखाली, आणि हंगामात मी तिच्यातून रत्नागिरीजवळच्या पावसहून कोल्हापूरला आंब्याच्या पेट्या नेतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, वीस पेट्या भरलेल्या असताना, आंबा घाटाच्या शेवटच्या चढावर डॅशबोर्डावरचा तेलाचा लाल दिवा एकदा लुकलुकला. मी गाडी कडेला घेईपर्यंत सीटखालून खटखट सुरू झाली होती. बेअरिंग गेले, क्रँकशाफ्टवर चरे पडले, गाडी ओढून साखरप्याला खाली आणावी लागली, आणि दुसरा टेम्पो मिळेपर्यंत पिकायला आलेला माल उन्हात तापत राहिला. इंजिन उघडल्यावर मिस्त्री म्हणाले की ही झीज एका दिवसाची नाही. म्हणजे दाब कितीतरी दिवस हळूहळू उतरत होता आणि मला ते समजायला काही मार्गच नव्हता.

तो दिवा पेटतो कधी, हे गाडी चालवणाऱ्यांपैकी किती जणांना कोणी सांगितले आहे? त्याचा स्विच साधारणपणे दाब ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे दाबाचे माप) खाली गेल्यावरच जुळतो. इंजिनाला मिनिटाच्या दर हजार फेऱ्यांमागे सुमारे १० पौंड (दर चौरस इंचाला) दाब असावा असा जुन्या मिस्त्रींचा ठोकताळा आहे, म्हणजे तीन हजार फेऱ्यांवर घाट चढताना तीस पौंड, दोन बारच्या आसपास दाब हवा. तोच दाब उतरून एकावर आला, गरम होऊन पातळ झालेले तेल बेअरिंगमध्ये पुरेसे टिकेनासे झाले, तरी दिवा विझलेलाच राहतो. तो पेटतो तेव्हा जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. आणि तरीही मी ज्या ज्या गॅरेजमध्ये मीटर बसवून द्या म्हणून गेलो, तिथे मला एकच उत्तर मिळाले: "दिवा हाय ना, मग मीटर कशाला?"

शेवटी मी मीटर विकत आणला. दुकानदाराने आधी स्वस्तातला, नळीचा मीटर पुढे केला. त्यात इंजिनातले गरम तेल बारीक नायलॉनच्या नळीतून थेट डॅशबोर्डापर्यंत येते, आणि माझ्या गाडीत ती नळी सायलेन्सरच्या पाइपाजवळून न्यावी लागली असती, म्हणून तो मी नाकारला. मग वायरवर चालणारा मीटर आणि त्याचा सेंडर, म्हणजे इंजिनात बसून तेलाचा दाब वायरने मीटरला कळवणारा भाग, असे दोन वेगवेगळ्या खोक्यांतले सामान त्याने काउंटरवर ठेवले. हे दोन्ही एकमेकांना जुळतात का, असे मी स्पष्ट विचारले. "सगळे सेम असतात," असे तो तितक्याच स्पष्टपणे म्हणाला.

सगळे सेम नसतात. एका जातीचा सेंडर शून्य दाबाला १० ओम आणि पूर्ण दाबाला १८० ओम रोध दाखवतो, तर दुसऱ्या जातीचा शून्याला २४० आणि पूर्ण दाबाला ३३, म्हणजे नेमका उलटा चालतो. माझा मीटर पहिल्या जातीचा होता आणि सेंडर दुसऱ्या. म्हणूनच बंद इंजिनात सुई दहावर होती, आणि इंजिन सुरू करून रेस वाढवली की खाली येत होती. दाब जितका उतरेल तितकी सुई चढेल असा मीटर चालकासमोर लावून देणे हे न लावण्यापेक्षा वाईट आहे, कारण दिव्याकडे निदान संशयाने तरी पाहता येते.

आट्यांची कथा याहून संतापजनक आहे. माझ्या इंजिनाच्या ब्लॉकमधले भोक १/८ बीएसपीटी या ब्रिटिश मापाच्या आट्यांचे, इंचाला २८ आटे; सेंडर १/८ एनपीटी या अमेरिकन मापाचा, इंचाला २७. हाताने दोन-अडीच फेरे छान जातात, मग अडकते. अडकले की थांबावे, काढावे, दोन्ही आटे ताडून पाहावेत, यात कसलेही मोठे ज्ञान लागत नाही. त्या मुलाने लांब पाना लावला आणि अंगाचा जोर देऊन तो सेंडर आत घुसवला. "बसतंय की," म्हणाला. भोकातून पितळेचा आणि लोखंडाचा चुरा निघाला तो मी बोटावर घेऊन पाहिला आहे. शिवाय एका भोकावर दोन्ही बसवणारा टी-आकाराचा जोड (टी) लावण्याचा त्रास नको म्हणून त्याने दिव्याचा स्विच काढून त्याच जागी सेंडर बसवला, आणि मला न सांगता दिव्याची वायर टेप गुंडाळून मागे सरकवून दिली. खोटा मीटर आणि आंधळा दिवा घेऊन मी त्या दिवशी हातखंब्यापर्यंत गाडी चालवली.

दुसऱ्या गॅरेजमध्ये योग्य ओमचा सेंडर नेला. त्याचे आटे आणखी निराळे, म्हणून तिथल्या मिस्त्रींनी डब्यातला एक जुना पितळी अडॅप्टर काढला आणि तेल पाझरू नये म्हणून दोन्हीकडे टेफ्लॉन टेपचे जाड वेढे दिले. सेंडरला अर्थ, म्हणजे विजेचा परतीचा मार्ग, मिळतो तो त्याच्या आट्यांतूनच. टेपने तो तुटला, आणि सुई पुन्हा दहावर. समुद्रावरच्या खाऱ्या हवेने इथे प्रत्येक जोडाचा अर्थ आधीच मरत असतो, हे कोकणात वायरिंग करणाऱ्याला मी सांगायला हवे होते का?

अखेर मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या एका टर्नरने भोकाच्या आट्यांवरून टॅप, म्हणजे आटे पाडायचे हत्यार, फिरवला, दिव्याचा स्विच आणि सेंडर दोन्ही राहतील असा पितळी टी कातून दिला आणि सेंडर इंजिनावर लटकवू नका, कंपनाने टी तडकेल, असे स्वतःहून सांगितले. आता सेंडर हातभर होजच्या टोकाला बॉडीवर बोल्टने घट्ट बसवला आहे आणि त्याला अर्थची स्वतंत्र वायर दिली आहे. इंजिन बंद असताना सुई शून्यावर असते.

यात एप्रिलचा पहिला आठवडा आणि तीन फेऱ्यांचे भाडे गेले. चुकीचा सेंडर घेऊन मी दुकानात गेलो तेव्हा मालकांनी बिलावरच्या ओळीवर बोट ठेवले: इलेक्ट्रिकचा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. तेवढे छापायला बिलावर जागा आहे. सेंडरच्या खोक्यावर ओमचे दोन आकडे आणि आट्यांचे माप छापायला मात्र कोणाला जागा सापडलेली नाही.