हो, मी कारकूनच झालो असतो (डोंगरवेडा यांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

डोंगरवेडा दादा, नमस्कार. तुमची कमेंट लांबलचक होती, माझं उत्तर त्याहून लांब व्हायला लागलं, म्हणून वेगळी पोस्टच टाकतोय.

ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या वेळी मी लिहिलं होतं की सातवाहनांच्या काळात जन्मलो असतो तर मी कल्याण बंदरात नाहीतर नाणेघाटाच्या नाक्यावर मालाच्या नोंदी करत बसलेला माणूस असतो, आणि त्या माणसाचा दिवस कसा जात असेल ते रंगवलं होतं. दादांचं म्हणणं असं की हे एसीत बसून बघितलेलं मध्यमवर्गीय स्वप्न आहे, भूतकाळात जाताना जो तो हातात लेखणी घेऊन जातो, पाठीवर गोणी कोणी घेत नाही. दुसरं, असली कारकुनी तेव्हा नव्हतीच, ती साहेबाने आणली. तिसरं, "तुम्ही पाच वर्षांचे व्हायच्या आत तापाने गेला असता, विषय संपला." आणि जाता जाता, आपल्याकडे आधीच सुवर्णयुगवाले कमी नाहीत, त्यात तुमची भर नको, मी प्लंबिंगची कामं घेणारा माणूस आहे, मला हे चोचले परवडत नाहीत, त्यापेक्षा ट्रेकला चला.

तिसऱ्यापासून सुरू करतो कारण ते लवकर आटपतं. लहानपणीच गेलो असतो ही शक्यता भरपूर, जुन्या काळात निम्म्याच्या आसपास मुलं मोठी होतच नव्हती असं लोकसंख्येचा इतिहास अभ्यासणारे साधारण धरतात, त्यात वाद नाही. पण मी लॉटरीचं तिकीट काढायला बसलो नव्हतो हो. शक्यतांवर जायचं तर तेव्हाच्या शंभरातले बहुतेक जण शेतात असणार, मग मी शेतकरी, तुम्ही शेतकरी, सगळेच शेतकरी, आणि त्या शेतकऱ्यात माझं असं काय उरलं? नाव नाही, भाषा वेगळी, घर वेगळं. मी माझं काम तेवढं सोबत घेऊन गेलो, कारण तेवढं एकच मला नीट कळतं.

माझं काम म्हणजे कस्टम क्लिअरिंग, बेलापूरला ऑफिस. न्हावाशेवाला कंटेनर उतरला की बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाचं कस्टमकडचं नोंदपत्र) टाकायची, ड्युटी भरायची, एक्झामिनेशनला माणूस पाठवायचा, सील नंबर जुळतोय का बघायचा, आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल बाहेर न्यायची परवानगी, मिळाली की गाडी लावायची, आणि मध्ये कुठे अडकलं की डिमरेज (माल पडून राहिल्याचा आकार) चालू आणि पार्टीचे फोन चालू. एसी आहे, बरोबर, पण तो साहेबांच्या केबिनमध्ये.

आता तुमचा दुसरा मुद्दा, कारकुनी साहेबाने आणली. इथे मात्र मी अजिबात सोडणार नाही.

नाशिकच्या पांडवलेण्यात तीन नंबरच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचे दोन हुकूम कोरलेत. पहिला त्याच्या राज्याच्या १८ व्या वर्षाचा, सैन्याच्या छावणीतून सुटलेला, नाशिकजवळच्या गोवर्धनच्या अमात्याच्या (राजाच्या अधिकाऱ्याच्या) म्हणजे विष्णुपालिताच्या नावाने. पश्चिम काखडी गावातलं शेत, आजवर ऋषभदत्ताकडे असलेलं, २०० निवर्तनं (जमिनीचं तेव्हाचं माप), डोंगरावरच्या भिक्षूंना दिलं. त्याला सवलती काय काय तर सैनिकांनी आत शिरायचं नाही, कोणी अधिकाऱ्याने हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही. मिठाचं कलम वाचून मी थबकलोच, कारण भांडुप-मुलुंडची मिठागरं गाडीतून बघत मोठा झालेला माणूस आहे मी, मीठ ही सरकारच्या नजरेत किती मोठी गोष्ट होती ते या एका अटीवरून कळतं.

आणि मग दुसरा हुकूम, वर्ष २४. अमात्य बदललाय, आता श्यामक आहे, आणि या वेळी राजाबरोबर राजमातेचंही नाव आहे. मजकूर काय? तर आधी जे काखडीचं शेत दिलं होतं ते कसलं जात नाही, गावात वस्ती नाही, म्हणून त्याच्याऐवजी शहराच्या हद्दीवरच्या आपल्या राजकीय शेतातली १०० निवर्तनं द्या. म्हणजे दादा, मोठ्या थाटात जमीन दिली, सवलती दिल्या, दगडात कोरलं, आणि जमीन निघाली पडीक! सहा वर्षांनी शुद्धिपत्रक निघालं! मध्ये कोणीतरी अर्ज केला असणार, कोणीतरी जागेवर जाऊन बघून आलं असणार, कोणीतरी जुना हुकूम शोधून काढून त्यातला नेमका मजकूर नव्या हुकुमात घातला असणार. दोनशेची शंभर का झाली ते कुठे लिहिलेलं नाही. शहरालगतची जमीन, रेट जास्त, असं माझा क्लेरिकल मेंदू म्हणतो, पण ते माझं. हुकूम तोंडी कोणी सांगितला, लिहिला कोणी, ताब्यात कोणी घेतला, तारीख काय, ऋतू कोणता, पंधरवडा कितवा, हे मात्र सगळं आहे. याला कारकुनी नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

शेजारी दहा नंबरच्या लेण्यात ऋषभदत्ताचा लेख आहे, नहपान या शक क्षत्रपाचा, म्हणजे राजाचा, जावई तो. हा तर माझा सगळ्यात लाडका. त्याने ३००० कार्षापणं (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघटनांकडे, ठेवली. एका श्रेणीकडे २०००, महिना शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, महिना शेकडा पाऊण. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्याच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी १२ कार्षापणं. आता कॅल्क्युलेटर काढा. २००० वर महिना एक टक्का म्हणजे २०, वर्षाचे २४०. आणि २० भिक्षू गुणिले १२? २४०. टॅली! एक कवडी इकडे नाही तिकडे नाही. मी हे पहिल्यांदा गाडीत उभ्याउभ्या मोबाइलवर मोजलं तेव्हा ऐरोली कधी गेलं कळलं नाही. कोणीतरी आधी बसून उलटा हिशोब केलाय की वीस जणांना बारा द्यायचे तर मुद्दल किती लागेल, आणि मग राजाच्या जावयाला सांगितलंय की दोन हजार ठेवा. शिवाय लेखाच्या शेवटी असंही आहे की हे सगळं निगमसभेत (नगराच्या सभेत) वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं. म्हणजे दगडावर आपण वाचतो ती कॉपी, ओरिजिनल फलक केव्हाच गेला.

म्हणूनच तर आपल्याकडचं बाकी काही उरलेलं नाही. फळ्या, पानं, कापड, जे काही रोजच्या नोंदीला वापरत असतील ते कोकणच्या पावसात किती टिकणार? इजिप्तमध्ये वाळवंट होतं म्हणून तिकडचे कागद राहिले. व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला एक पपायरस आहे, १९८५ साली छापून आला. एका बाजूला केरळातल्या मुझिरिस बंदराच्या व्यापारासाठी काढलेल्या कर्जाचा करार, मागच्या बाजूला हर्मापोलोन नावाच्या जहाजावरच्या मालाचा हिशोब. करारात कर्ज घेणारा लिहून देतोय की तांबड्या समुद्रावर माल उतरला की उंटवाल्यांच्या ताब्यात देईन, पहाऱ्यात वाळवंटातून नाईलकाठच्या कोप्टोसला नेईन, तिथून नाईलमधून अलेक्झांड्रियाच्या जकातीच्या गोदामात नेईन, आणि वाटेत सगळा वेळ माल तुझ्या किंवा तुझ्या माणसांच्या ताब्यात आणि सीलमध्ये राहील. जकात किती, तर चौथा हिस्सा, २५ टक्के. अहो, ही तर बॉन्डेड कार्गोची, म्हणजे ड्युटी भरायच्या आधी सीलबंद नेल्या जाणाऱ्या मालाची, मूव्हमेंट आहे! आमच्या ऑफिसात मी हे मराठीत सांगितलं तर एकजण म्हणाला, सगळं ठीक आहे पण सील तुटलं तर जबाबदार कोण ते लिहिलंय का. बघा, क्लिअरिंगवाल्याला पहिला प्रश्न हा पडतो. इतिहासाच्या पुस्तकात हाच कागद मी आधी वाचला होता तेव्हा ‘भारत-रोम व्यापार भरभराटीला आला होता’ या ओळीखाली तो निपचित पडलेला होता.

मला एवढंच म्हणायचंय. स्वतःचं काम घेऊन गेलं की असले प्रश्न सुचतात, आणि प्रश्न सुचले की त्या लेखांमध्ये शोधायला काहीतरी मिळतं. नुसतंच ‘तेव्हा मी असतो तर’ म्हणत गेलं की हत्ती, राजवाडा आणि पैठणी.

सुवर्णयुगाचं म्हणाल तर तो आरोप माझ्या कारकुनाला कसा लागू होतो ते सांगा. मी त्याला नेमका कुठल्या काळात बसवला होता? पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या टिपणांत, पेरिप्लसमध्ये, कल्याणबद्दल काय लिहिलंय बघा: थोरल्या सारगनस राजाच्या वेळी ते रीतसर बाजारबंदर होतं, पण सँडनीस या दुसऱ्या सत्ताधाऱ्याच्या हातात गेल्यापासून तिथे फार अडथळे आहेत, आणि चुकून तिकडे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. म्हणजे माझा माणूस धक्क्यावर लेखणी घेऊन बसलाय, समोर जहाज दिसतंय, आणि ते जहाज शेजारच्या राज्याच्या पोर्टला वळवलं जातंय. व्हेसल डायव्हर्ट झालं की ऑफिसात काय वातावरण असतं ते मला विचारा. सुवर्ण वगैरे काही नाही, त्याला त्या महिन्याचं काम मिळेल की नाही याची काळजी. तिकडे भडोचला मात्र राजाच्या नोकरीतले कोळी लांब होड्या घेऊन पार समुद्रात पुढे जायचे आणि गाळातून जहाजं आत आणायचे, हेही त्याच टिपणांत आहे. पायलट सर्व्हिस होती त्यांची.

राहिली पाठीवरची गोणी. हा तुमचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे, आणि मी तो टाळलेला नाही, करून बघितला होता. वैशाखऱ्याहून नाणेघाट चढणारा हमाल लिहायला घेतला. दोन परिच्छेदांत अडकलो. पेरिप्लस सांगतं की पैठणहून अकीक वगैरे माल गाड्यांतून, रस्ते नसलेल्या मोठाल्या प्रदेशांतून भडोचला यायचा. पण गाडी रुतली की ढकलत कोण होतं, त्याला काय मिळायचं, संध्याकाळी कुठे पाठ टेकायचा, याबद्दल एक ओळ नाही. वर घाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, त्यात यज्ञांत दिलेल्या गायी, हत्ती, घोडे, कार्षापणं यांचे आकडेच आकडे आहेत, पण त्या घाटातून ओझं वर कोणी आणलं हे त्यात नाही. मग मी जे लिहिलं असतं ते हमालाचं दुःख नसतं, माझ्या पाठदुखीचं वर्णन झालं असतं, आणि वर तुम्ही म्हणाला असता की बघा, आता गरिबीचंही रोमँटिक केलं.

शिवाय लेखणी आणि गोणी यांच्यामध्ये काहीच नव्हतं असं जे तुम्ही धरून चाललाय ते बरोबर नाही. कान्हेरीला, आपल्या येऊरच्या डोंगरापलीकडे, राजेरजवाड्यांपेक्षा गिऱ्हाईकवाल्या माणसांचीच दानं जास्त डोळ्यात भरतात. कल्याणच्या स्वामिदत्त सोनाराने पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, दिलीय. कल्याणच्याच नंद लोहाराने पायवाट करून दिलीय. लोहाराला पायवाट सुचली हे मला फार आवडतं, छिन्न्यांना धार लावायला तोच वर-खाली करत असेल असं आपलं मला वाटतं. नाशिकला मुगूदास नावाच्या माणसाचं अख्खं लेणं आहे आणि तो कोळी असावा असं अभ्यासक मानतात.

आणि आता तुमच्यावर येतो, कारण ‘मी प्लंबिंगची कामं घेतो’ हे वाक्य तुम्ही तक्रार म्हणून टाकलंत आणि माझ्या दृष्टीने तेच कमेंटमधलं सगळ्यात भारी वाक्य आहे. आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षाचा एक लेख नाशिकला आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी कायमची ठेव ठेवलीय, आणि ज्या श्रेणींकडे ठेवलीय त्यांत कुंभार आहेत, तेली आहेत आणि पाण्याची यंत्रं करणारे उदयांत्रिक आहेत. पाण्याची कामं करणाऱ्यांची संघटना, आणि तिच्याकडे लोक विश्वासाने पैसे ठेवतायत! बँक होती तुमची, दादा. नेमकी कसली यंत्रं करायचे ते लेखात नाही, आणि तर्क करायला मी नालायक माणूस, मला घरातला नळ गळला तर वॉशर कुठला तेही दुकानदाराला विचारावं लागतं.

कान्हेरीलाही तसंच. तिथे शंभरावर लेणी आणि जवळजवळ प्रत्येकाच्या अंगणात टाकं, कातळात खोदलेल्या पन्हळी, एका टाक्यातून पुढे पाणी न्यायची सोय. मी बघतो तेव्हा मला हिरवं पाणी दिसतं आणि मी फोटो काढतो. तुम्हाला उतार दिसेल, गाळ कुठे अडवलाय ते दिसेल, ओव्हरफ्लो कुठे काढलाय आणि कुठे मिस्त्रीचं गणित चुकलंय तेही दिसेल कदाचित. ते तुम्ही लिहा, मी इथे तुमच्या नावाने टाकतो, एक अक्षर बदलणार नाही.

आणि ट्रेकला चला म्हणालात तर येतो की. पण कान्हेरीला, आणि चांगला पाऊस लागल्यावर, पन्हळी वाहत्या असताना. सोमवारी नॅशनल पार्क बंद असतं, तेव्हा रविवार धरा, सकाळी लवकर, मी ठाण्याहून बोरिवलीची बस पकडतो. लेव्हल ट्यूब असेल तर घेऊन या.