शाळूचे चेंडू

अंकलखोप आमच्या सांगली जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं. तिथल्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. म्हणजे पाण्यातच काहीतरी असणार, या हिशोबानं मी तीन चेंडूंचं जगलिंग शिकायला घेतलं. कृष्णेचं पाणी मीही पितो. पण ते पोटातच राहतं, हातात उतरत नाही.

ऐकायला सगळं सोपं. आधी एकच चेंडू, डोळ्यांच्या उंचीपर्यंत कमान करून या हातातून त्या हातात. मग दोन. पहिला माथ्यावर पोचला की दुसरा त्याच्या खालून सोडायचा. इथंच घोडं पेंड खातं. पहिला वर गेला रे गेला की डावा हात घाबरतो आणि दुसरा चेंडू फेकायचा सोडून गुपचूप उजव्या हातात देतो, टेबलाखालून पाकीट सरकवावं तसा. कितीही बजावा, तो सुधारत नाही.

रबरी चेंडू कपाटाखाली इतके गेले की शेवटी जुन्या मोज्यांत धान्य भरून गाठी मारल्या. असे चेंडू पडले तिथंच पडतात, घरंगळत नाहीत. फक्त धान्य कुठलं भरलंय ते आईला उशिरा कळलं.

“शाळू? अरे, काय भाव चाललाय ठाऊक आहे का!”

पुढचं संकट म्हणजे चालणं. नवशिक्याचे चेंडू थोडे पुढंच पडतात, आणि ते झेलता झेलता माणूस हॉलमधून गॅलरीत पोचतो. यावर उपाय, भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. माझ्याकडं बघून त्यांनी बायकोला हळूच विचारलं, “काय केलं हो यांनी?”

वाकून वाकून कंबर गेली म्हणून मग पलंगाशेजारी उभा राहिलो. चेंडू गादीवर पडतात, वाकावं लागत नाही. मात्र गादीवर इस्त्रीचे कपडे होते. त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथं देत नाही.

२००४ साली ‘नेचर’मध्ये एक संशोधन आलं होतं. तीन महिने जगलिंग शिकलेल्यांच्या मेंदूचा काही भाग वाढला. सराव थांबवल्यावर तो पुन्हा ओसरला. म्हणजे धरलं तर कंबर जाणार, सोडलं तर मेंदू.

परवा स्वयंपाकघरात आईला हे ऐकवत होतो. लहानपणी सागरगोट्यांत गल्लीला हरवलेली बाई ती. “आण इकडं” म्हणाली आणि माझ्या हातातले दोन मोजे घेऊन डाव्या हातानं एकापाठोपाठ उडवायला लागली. नजर पातेल्यावर.

मी म्हटलं, “आई, तीन पाहिजेत. दोन्ही हातांनी.”

“आणि आमटी कोण ढवळणार?”