अर्ध्या तासाचा फरक

नमस्कार.

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. 'द डे द अर्थ स्टुड स्टिल' (पृथ्वी थांबली तो दिवस) या १९५१च्या चित्रपटाच्या २००८च्या अवताराला मी झोडपलं ते निव्वळ जुन्याच्या प्रेमापोटी. १९५१चा यंत्रमानव म्हणजे चंदेरी झग्यातला उंच माणूस. आणि अणुबॉम्बच्या जागी पर्यावरण आणलं तर बिघडलं कुठे, असं तुम्ही म्हणता.

यंत्रमानवाचं आधी मिटवून टाकू. त्याच्या, म्हणजे गॉर्टच्या, गुडघ्यांपाशी सुरकुत्या पडतात, त्या मलाही दिसतात. आत लॉक मार्टिन होता, हॉलिवूडच्या एका थिएटरचा सात फुटांहून उंच दरवान. नायिकेला उचलायची ताकद त्याच्यात नव्हती, तारा लावाव्या लागल्या. तरीही तो नुसता उभा असला की धाकधूक होते. नवा गॉर्ट धातूच्या किड्यांचा थवा होऊन अख्खं स्टेडियम फस्त करतो आणि मी आपला निवांत पॉपकॉर्न खातोय.

पर्यावरणाला माझी हरकत नाहीच. हरकत आहे ती परग्रहावरून आलेला क्लाटू माणसांबद्दलचं मत कशावरून बनवतो, याला. जुना क्लाटू वॉशिंग्टनमध्ये उतरतो, एक घाबरलेला शिपाई त्याला गोळी घालतो, तो इस्पितळातून निसटतो आणि काय करतो? कार्पेंटर या नावानं भाड्याच्या खोलीत राहायला जातो! घरातला बॉबी त्याला आर्लिंग्टनला वडिलांच्या थडग्यापाशी नेतो. सिनेमाच्या तिकिटांसाठी क्लाटू त्या पोराकडून दोन डॉलर घेतो, बदल्यात दोन हिरे देतो, आणि पोरगं म्हणतं, आईला सांगू नका, लोकांना लुबाडलेलं तिला आवडत नाही. नव्यातला, म्हणजे कियानू रीव्जचा क्लाटू निकाल खिशात घालूनच आलेला असतो. मग सावत्र आई आणि मुलगा थडग्यापाशी गळ्यात पडून रडतात आणि निकाल फिरतो. एवढंच?

नव्या चित्रपटातला मॅकडोनाल्डमधल्या म्हाताऱ्याचा प्रसंग तुम्ही काढलात, तो मात्र मलाही फार आवडतो. सत्तर वर्षं माणसांत राहिलेला क्लाटूचा हेर. ही जात विध्वंसक आहे, सुधारणार नाही, असा अहवाल देतो आणि वर सांगतो, मी इथेच मरणार, माझा जीव जडलाय यांच्यावर. खरा चित्रपट त्या म्हाताऱ्याचा होता. आपल्याला त्याची दोन-चार मिनिटं मिळाली, बाकी हेलिकॉप्टरं.

आणि आता नावातली गोष्ट. मूळ चित्रपटात क्लाटू जग थांबवतो ते मध्यावर, अर्धा तास. गाड्या, लिफ्ट, गिरण्या, सगळं बंद. इस्पितळं आणि आकाशातली विमानं सोडून. मला पहिल्यांदा क्लाटूची भीती वाटली ती तिथे. ज्याला इतकं नेमकं वगळता येतं, त्याला काय येत नसेल? नव्यात शेवटी वीज कायमचीच जाते. ऑपरेशन टेबलावरच्या माणसाचं काय, हा प्रश्न कुणालाच पडत नाही. मी तो पाहिला तेव्हा आमच्याकडे भारनियमन जोरात होतं. वीज गेल्यानं माणसं सुधारत असती तर आमचा अख्खा तालुका केव्हाच संतपदाला पोचला असता.

एका ठिकाणी मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. जुन्या क्लाटूचं शेवटचं भाषण शांततेचं म्हणून मी गौरवलं होतं. परवा पुन्हा ऐकलं. आपापसात काय हवं ते करा, पण भांडण अंतराळात आणलंत तर हे यंत्रमानव पृथ्वीची राख करतील, असं तो सांगतो. म्हणजे फौजदाराची धमकीच. दिग्दर्शक रॉबर्ट वाइजनं ती इतक्या सभ्य आवाजात म्हणवून घेतलीय की इतकी वर्षं मी मान डोलावत होतो. माझ्या लेखातला तो परिच्छेद काढून टाकतोय. नव्या चित्रपटाबद्दलचं बाकी सगळं मात्र तसंच राहील.