बोअर मारली, पण वायसर कोण बदलणार?

गेल्या आठवड्यात काकांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला, वर हापशाचा फोटो, खाली हात जोडलेले चार इमोजी. मजकूर थोडक्यात असा: आफ्रिकेतल्या एका खेड्यात लोक हजारो वर्षं डबक्यातलं पाणी पीत होते, कारण विहीर खणायची अक्कल नाही आणि अंगात आळस. मग एक मिशनरी नवरा-बायको आले, त्यांनी बोअर मारली. तीन पिढ्यांची चिंता मिटली, रोग पळाले आणि सगळं गाव ख्रिस्ती झालं. पंचवीस हजारांत एक गाव तहानमुक्त, खालच्या नंबरवर यथाशक्ती पाठवा. देशाचं नाव नाही, गावाचं नाही, त्या जोडप्याचंही नाही. हाच फोटो दुसऱ्या एका ग्रुपवर 'पाण्याच्या बदल्यात धर्म' म्हणून शिव्यांसकट फिरतोय. काका दोन हजार पाठवायला निघाले होते, म्हणून हे लिहायला बसलो.

अक्कल नाही म्हणे. दक्षिण इथिओपियातले बोराना गुराखी शतकानुशतकं खोल विहिरी राखून आहेत. 'तुला' म्हणतात त्यांना, काही तर शंभर फुटांच्या आसपास खोल. माणसं एकावर एक टप्प्याटप्प्याने उभी राहतात, तळातून भरलेली बादली हातोहात वर जाते, रिकामी खाली येते. ताल चुकू नये म्हणून सगळे गात असतात. वर मातीच्या हौदात पाणी पडतं आणि गुरं पाळीपाळीने येऊन पितात. कुणाची गुरं कधी प्यायची हे ठरलेलं, त्यावर देखरेख करणारा माणूसही नेमलेला. टँकर आला की आपल्या गल्लीत हंड्यांची जी मारामारी होते ती आठवा आणि मग अकलेचं बोला.

कबूल, प्रत्येक गावात हाताने खणून भागत नाही. खाली कठीण खडक असला की पाणी भेगांमध्ये असतं, तिथे मशीनच लागतं. ते कुणी मिशनरीने आणलं तर पाणी काही बाटत नाही.

आता तो 'तीन पिढ्यांची चिंता मिटली'. सगळ्यात घातक वाक्य हे, कारण पैसे यावरच काढले जातात. ग्रामीण पाणीपुरवठ्यावर काम करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याने 2009 मध्ये सहाराच्या दक्षिणेकडच्या 20 देशांतल्या हापशांचे आकडे एकत्र केले. सुमारे 36 टक्के बंद! 2019 च्या आढाव्यात परिस्थिती थोडी बरी, तरी चारातला एक बंदच. म्हणजे फीत कापली, फोटो निघाले, पाहुणे विमानात बसले, आणि काही वर्षांत बाया परत डबक्यावर.

बंद का पडतो? जालन्यात जन्म गेलेल्या काकांना मी हे सांगायचं म्हणजे कमालच. वायसर, म्हणजे हापशातली पाणी वर ओढणारी चकती, झिजतो. दांडा शंभर वेळा मारला तरी पाणी वर येत नाही. वायसर काही रुपयांचा, पण तो बसलेला असतो खाली सिलिंडरमध्ये. जुन्या पद्धतीच्या हापशात त्याच्यासाठी सगळे लोखंडी पाइप वर ओढायचे, म्हणजे वर घोडा (पाइप ओढायचं तिकाटणं) लावा, चार-पाच माणसं जमवा, मिस्त्री बोलवा. मिस्त्री तालुक्याला, सुटा भाग त्याहून लांब. त्यात पाणी आम्लधर्मी असलं की जस्ताचा मुलामा दिलेले पाइपही गंजतात, पाणी तांबूस येतं, लोक तोंड फिरवतात. म्हणूनच 1980 च्या दशकात मलावी आणि केनियात काम करून 'ॲफ्रिदेव' पंप घडवला गेला. तो गावातल्या बायकांनाही एका पान्यात खोलता यावा, हाच हेतू. मेसेजमध्ये वायसर नाही, पाना नाही, दुरुस्तीची वर्गणी धरणारी पाणी समितीही नाही.

आणि फोटो जरा मोठा करून बघा. ते लोखंडी डोकं, तो लांब दांडा, हे आपल्या ओळखीचं आहे. 'इंडिया मार्क टू' तो. आपल्याकडे आधी परदेशी धर्तीचे बिडाचे पंप बसत. ते एका कुटुंबापुरते, अख्खं गाव हापसायला लागलं की मोडत. जालना आणि सोलापूर इथल्या मिशनशी जोडलेल्या बोअरच्या कामांतून दणकट पोलादी पंप निघाले. सोलापूरच्या पंपावरून युनिसेफ आणि भारत सरकारने 1970 च्या दशकात मार्क टू बेतला, आणि तो पुढे आफ्रिकेत पोचला. युगांडाने तर त्याचीच आवृत्ती आपलं मानक म्हणून घेतली. मिशनऱ्यांचं श्रेय द्यायचंच तर इथे द्या, पुराव्यासकट.

'सगळं गाव ख्रिस्ती झालं' यावर दोन्ही ग्रुप खूश, एक आनंदाने, एक रागाने. मिशनऱ्यांना धर्म पसरवायचाच असतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण पाणी दिलं की माणसं आपोआप वळतात, हा हिशेब जुनाच फसलेला आहे. आजच्या बोत्सवानात डेव्हिड आणि मेरी लिव्हिंगस्टन हे मिशनरी जोडपं राहत होतं. त्यांच्या सल्ल्याने 1847 मध्ये सेचेले राजा आपली माणसं घेऊन कोलोबेंग नदीकाठी गेला, बांध घातला, पाट काढला. पहिलं वर्ष झकास. मग सलग दुष्काळ, नदी आटली. 1848 मध्ये सेचेलेने बाप्तिस्मा घेतला, पण तो स्वतः नावाजलेला पाऊस पाडणारा. लोक म्हणाले, या गोऱ्याने आमच्या राजावर चेटूक केलं, म्हणून पाऊस पडत नाही. लिव्हिंगस्टनच्या नावावर धर्मांतर मोजतात ते बहुधा या एकाच माणसाचं.

रोग पळाले, हे अर्धं खरं. नारू, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून अंगात शिरणाऱ्या जंताचा रोग, 1986 मध्ये जगात सुमारे 35 लाख लोकांना होता, आता वर्षाला जेमतेम दहा-पंधरा जणांना. पण ते श्रेय एकट्या बोअरचं नाही. पाणी गाळायचं फडकं घेऊन दारोदार फिरणाऱ्यांचं त्यात मोठं काम आहे. आणि बोअरचं पाणी म्हणजे शुद्धच, हे बांगलादेशात सांगून बघा, तिथे नळकूपांतून आर्सेनिक निघालं. केनिया-टांझानियाच्या खचदरीत फ्लोराइड, आपल्या यवतमाळातही तेच.

पंचवीस हजारांचं काय बोलायचं? तिकडे एका बोअरला हजारो डॉलर लागतात.

मी काकांना म्हटलं, पैसे पाठवा, जरूर पाठवा, आधी त्या नंबरवर चार गोष्टी विचारा: गाव कोणतं, पाणी किती फुटांवर लागलं, फ्लोराइड तपासलं का, आणि वायसर कोण बदलणार. काकांनी विचारलं. दोन निळ्या टिका आल्या. त्याला आज सहा दिवस झाले.