'आपल्याकडे असलं काही नसतं' म्हणणाऱ्यांसाठी

सोसायटीच्या मीटिंगमधून आज उठून आले ती डोकं तापवूनच. जेवण झालं, भांडी झाली, तरी राग उतरत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

विषय अगदी साधा होता. दुसऱ्या मजल्यावर एक प्राथमिक शिक्षिका राहतात. त्यांनी सुचवलं की मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल बोलायला क्लब हाऊसमध्ये एक संध्याकाळ समुपदेशक बाईंना बोलवू. मुलांशी त्या वेगळं बोलतील, पालकांशी वेगळं. आणि लिफ्टमध्ये १०९८ चा, म्हणजे मुलांसाठीच्या मदतीच्या फोन नंबरचा, एक कागद लावू. खर्च म्हणाल तर चहा-बिस्किटांचा. त्यावर कमिटीतले एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे असलं काही नसतं. उद्या कुणी फ्लॅट बघायला आलं आणि लिफ्टमध्ये तो कागद वाचला तर काय वाटेल?" झालं, सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढचा विषय पार्किंगमध्ये आणखी कॅमेरे. लाखाच्या वरचा खर्च, पाच मिनिटांत मंजूर!

आपल्याकडे नसतं म्हणजे मग कुठे असतं हो? २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांशी बोलून अहवाल काढला. त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि त्रास देणारे बरेचसे ओळखीतले, विश्वासातले. मुलगेही त्यात होते, मुलींपेक्षा कमी नाहीत. कॅमेरा गेटवरच्या अनोळखी माणसाकडे बघतो. ओळखीचा माणूस गेटवरून हात हलवून आत येतो आणि आपण त्याला चहा करतो. कॅमेरे नकोत असं मी म्हणत नाही, बाइक चोरीला जातात तेव्हा उपयोग होतो. पण मुलांसाठी म्हणून लावताय असं तरी म्हणू नका.

मी सोलापुरातल्या चाळीत वाढले. समोरच्या खोलीत माझी वर्गमैत्रीण राहायची. (तिला विचारूनच लिहितेय, नाव लिहिणार नाही.) तिची आई बिड्या वळायची. सकाळपासून मांडीवर सूप, आणि दुपारी माल द्यायला कारखान्यावर. तिथे रांग, मग तपासणी, मग 'एवढ्या बाद' म्हणून वाद, घरी येईपर्यंत दिवेलागण. वडील यंत्रमागावर. पगार झाला की चार दिवस शुद्धीत नसायचे. आई कारखान्यावर असताना घरात एक लांबचा नातेवाईक येऊन बसायचा. सगळे त्याला मामा म्हणायचे.

ही पोरगी शाळा सुटली की घरात न जाता जिन्यातच दप्तर घेऊन बसायची. अख्खी चाळ तिला ओलांडून वर-खाली करायची. शेवटच्या खोलीतल्या काकू तेवढ्या थांबल्या. त्यांनी काय झालं, का बसलीस, काही विचारलं नाही. म्हणाल्या, "ये की इकडं, शेंगा फोडू लाग." मग रोजच. शेंगा नसल्या तर लसूण, लसूण नसला तर तांदूळ निवडायचे. मीही असायची कधीकधी, मला वाटायचं काकूंना काम करून घ्यायची सवय आहे. बऱ्याच दिवसांनी, शेंगा फोडता फोडता, ती आपण होऊन बोलली.

आता मला सांगा, तिनं सांगितलं असतं का एखाद्या कॅमेऱ्याला?

मुलं अशी एका दमात सांगत नाहीत. पोट दुखतंय म्हणतात, शिकवणीला जायचं नाही म्हणतात. मोठी मुलगी पुन्हा अंथरूण ओलं करायला लागते. आणि आपण काय करतो? 'नाटकं करू नकोस' म्हणून दप्तर हातात देतो, 'काकांना पापी दे' म्हणून पुढे ढकलतो. मूल नको म्हणत असताना! हे आपल्याच घरांत, आपल्याच सणासमारंभांत चालतं, फ्लॅटचा भाव कितीही असो.

बदलापूर आठवतंय ना? ऑगस्ट २०२४. चार-चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेत अत्याचार, आणि त्यांच्या आईबापांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावं लागलं. लोक रुळांवर उतरले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर प्रत्येकाचा एकच मेसेज, फाशी द्या. राग मलाही आला होता, झोप लागली नव्हती. पण शाळाशाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी 'सखी सावित्री' समिती नेमायचा शासन निर्णय मार्च २०२२ चा आहे. बदलापूरच्या आधी तो आपल्यापैकी किती जणांना माहीत होता? आणि आज तरी आपल्या मुलांच्या शाळेत त्या समितीवर कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, हे कुणी विचारलंय? शाळेची फी वाढली की आपण पन्नास जण गेटवर जमतो. फाशी मागायला काही लागत नाही, मोबाईल पुरतो. पालकसभेत उठून प्रश्न विचारला की मात्र 'भांडखोर आई' होते. मी झालेय.

काकूंनी पोलिसांत जायला हवं होतं, असं कुणीतरी खाली लिहीलच. हवं होतं, मान्य. तो काळच असा होता की पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा कायदा, नव्हता, बायकांना पोलीस ठाण्याची पायरी म्हणजे धसका. आता २०१२ चा कायदा आहे आणि तो साफ सांगतो की अशा गुन्ह्याची माहिती असून कळवली नाही तर तोही गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद. पुरावा गोळा करणं आपलं काम नाही, कळवणं आपलं काम. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. मुलाचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात येऊन नाही. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी आया गप्प बसतात, आपली पोर कोर्टकचेरीत पिसली जाईल म्हणून. आणि हो, खोट्या तक्रारीही होतात कधीतरी. त्या तपासायला पोलीस आहेत, तेवढ्यासाठी बाकीच्या मुलांनी गप्प बसायचं का?

पण काकूंनी पुढे जे केलं ते कायद्यातही सापडत नाही, आणि आज मीटिंगमध्ये मला सारखं तेच आठवत होतं. त्या रात्री त्या तिच्या आईकडे गेल्या. चाळभर गवगवा केला नाही. 'तुझं लक्ष कुठं होतं' हे वाक्य तोंडातून काढलं नाही. उलट म्हणाल्या, "तू काय काय बघशील एकटी." दुसऱ्या दिवशी तो मामा आला तेव्हा जिन्याच्या तोंडाशी काकू आणि अजून दोघी उभ्या होत्या. "इथून पुढं या जिन्यावर दिसायचं नाही," एवढंच. तो परत दिसला नाही. आणि त्या दोघींतली एक, तीही बिड्या वळणारी, मैत्रिणीच्या आईचा माल आपल्या मालाबरोबर कारखान्यावर न्यायला लागली. म्हणजे शाळा सुटायच्या वेळेला आई घरात. मैत्रीण मला परवा फोनवर म्हणाली, "मामाला हाकललं ते मला धूसर आठवतं गं. शाळेतून आल्यावर आई घरात असायला लागली, ते पक्कं आठवतं."

हे लिहिताना राग जरा निवळलाय.

आईवर खापर फोडणं फार सोपं असतं. आपल्या इमारतीत सकाळी सात ते दुपारी तीन कामं करणाऱ्या बायकांची मुलं त्या वेळात कुणाकडे असतात, विचारलंय कधी? माझ्याकडे येणाऱ्या ताईंचे मिस्टर वारले. तिची मुलगी दुपारी ज्याच्या त्याच्या घरी. एकटी आई, दुर्धर आजारातलं घर, तुरुंगातला बाप, अशा मुलांसाठी राज्य सरकारची बाल संगोपन योजना आहे, महिन्याला २२५० रुपये. मूल वसतिगृहात किंवा संस्थेत न जाता घरात राहावं म्हणून. त्याचे कागद जमवायचे, बालकल्याण समितीसमोर जायचं, हे त्या माऊलीला कामाचा खाडा करून जमत नाही. आपल्यातला एखादा निवृत्त बँकवाला दोन दुपारी बसला तर होतं. शेजाऱ्यांच्या चौकशांचा त्रास मलाही होतो, कोण किती वाजता आलं यावर नजर ठेवणाऱ्यांचा तर फारच. पण उचापती वेगळ्या, आणि जिन्यात बसलेल्या पोरीला आत बोलावणं वेगळं.

१०९८ हा नंबर १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला, आपल्याच राज्यात. आता सरकार चालवतं, रात्रंदिवस, फुकट. फोन मूल स्वतः करू शकतं, शेजारीही करू शकतो. मुलांना शिकवायलाही सोपा, दहा नऊ आठ. तो आम्ही लिफ्टमध्ये लावायचा नाही, कारण फ्लॅट बघायला येणाऱ्यांना काय वाटेल!

तर क्लब हाऊस देत नसाल तर राहू द्या. येत्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता माझ्या हॉलमध्ये बसू. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंशी बोलणं झालंय, समुपदेशक येतायत. आई आणि बाबा दोघांनीही यायचं, फक्त आयांना पाठवू नका. आजी-आजोबांना नक्की आणा, दुपारी मुलं त्यांच्याकडेच असतात. वॉचमनच्या बायकोला आणि कामाच्या ताईंना मी स्वतः सांगून आलेय, त्या मुलांना घेऊन येणार आहेत आणि खुर्चीवरच बसणार आहेत. कुणाला त्याची अडचण असेल तर आत्ताच सांगा. सतरंज्या माझ्याकडे दोनच आहेत, ज्यांच्याकडे असतील त्यांनी घेऊन या.