गोल्डन गेटच्या जाळीबद्दल, जरा रागाने

आज दुपारी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर ऐकलेलं एक वाक्य अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले. पोस्ट मोठी होणार आहे, सांभाळून घ्या.

ओळखीतल्या एका कुटुंबाला पूल दाखवायला घेऊन गेले होते. धुक्याचा मागमूस नाही, आल्काट्राझ बेट अगदी हाताशी असल्यासारखं, खाडीत शिडाच्या होड्या. पूर्वेकडच्या पदपथावरून चालत आम्ही पहिल्या मनोऱ्याच्या पुढे आलो. सोबतच्या गृहस्थांनी कठड्यापाशी जाऊन खाली पाहिलं, मोबाइल काढला, दोन-तीन कोन करून पाहिले आणि वैतागून म्हणाले, "काय ही जाळी लावून ठेवलीय! फोटोची पार वाट लागते. ज्याला जायचंय तो जाणारच ना कुठेतरी. त्याच्यासाठी एवढा सुंदर पूल कशाला खराब करायचा?"

पाहुणे होते, वयाने मोठे होते, बरोबर त्यांची नातवंडं होती. तिथे वाद घातला नाही. इथे घालतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पुलाच्या दोन्ही बाजूंना, पदपथाच्या साधारण २० फूट खाली आणि तेवढीच बाहेर आलेली स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी आहे, जीव द्यायला आलेल्यांना वाचवण्यासाठी. पूल १९३७ साली खुला झाला आणि ही जाळी पूर्ण झाली जानेवारी २०२४ मध्ये. मधल्या काळात या पुलावर किती जणांनी आयुष्य संपवलं तो आकडा मी लिहिणार नाही, तो वाचून कुणाचं भलं होत नाही. पण पोटची पोरं गमावलेले आईबाप पुलाच्या संचालक मंडळापुढे वर्षानुवर्षं उभे राहून काहीतरी करा म्हणत होते, हे आपल्याला माहीत असायला हवं. आणि दशकानुदशकं उत्तर काय मिळत होतं? पूल विद्रूप दिसेल. खर्च फार येईल. २००८ साली कधीतरी जाळीचा निर्णय झाला, पैशाची तजवीज व्हायला २०१४ उजाडलं, आणि पुढे काम पूर्ण व्हायला आणखी जवळजवळ १० वर्षं गेली. आज दुपारी माझ्या शेजारी उभं राहून तेच जुनं उत्तर कुणीतरी मराठीत दिलं. फक्त 'विद्रूप' ऐवजी 'फोटोची वाट'.

आता काकांची गोष्ट सांगते, कारण दुपारपासून माझ्या डोळ्यांसमोर तेच आहेत.

काका-काकू इथे आले होते तेव्हा जाळी व्हायची होती. काकांची सगळी नोकरी बांधकामाच्या साइटवर गेलेली, त्यामुळे पुलावर आल्यावर बाकीचे शहराकडे बघतात आणि हे आपले रिव्हेटवरून हात फिरवतायत. मी उत्साहात माहिती देत होते. दोन मनोऱ्यांमधलं अंतर ४,२०० फूट, १९३७ साली जगातलं सगळ्यात मोठं. एकेका केबलमध्ये २७,५७२ तारा, जागेवरच एकेक करून ओढलेल्या. वगैरे. काका सुरुवातीला खूश होते, मग त्यांचं लक्ष उडालं. हळूच म्हणाले, "अगं, ती मुलगी बघ."

पुढे कठड्यापाशी एक मुलगी उभी होती. विशीतली असेल. बॅग खाली ठेवलेली, तोंड पाण्याकडे. लोक तिला वळसा घालून जात होते. एका जोडप्याने फोटोसाठी तिला जरा बाजूला व्हायला सांगितलं, ती निमूट बाजूला झाली आणि पुन्हा तशीच उभी राहिली. तेवढ्यात गस्तीवरचा एक माणूस सायकलवरून आला. आमच्यासमोरून पुढे गेला, थांबला, मागे आला. सायकल कठड्याला टेकवली आणि तिच्यापासून हातभर अंतर ठेवून तोही पाण्याकडे बघत उभा राहिला. बराच वेळ काही बोलला नाही. काकू म्हणाल्या, "अहो चला, वारा झोंबतोय." काका म्हणाले, "थांब जरा." मग तो माणूस काहीतरी बोलला, तिने मान हलवली, पुन्हा शांतता, पुन्हा एखादं वाक्य. शेवटी तिने बॅग उचलली आणि दोघं शहराच्या बाजूला चालू लागले. तो सायकल हातात धरून, तिच्या चालीने.

तिच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. कदाचित काहीच नसेल, घरची आठवण आली असेल, नोकरी गेली असेल, कुणाशी भांडण झालं असेल. पण काका परतीच्या वाटेवर काहीच बोलले नाहीत, आणि गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "हा माणूस नसता आला तर?"

त्यांचा तो प्रश्न, आणि आजच्या गृहस्थांचं 'जायचंय तो जाणारच'. संताप का होतो ते कळतंय ना?

आणि हे वाक्य खोटं आहे हो! साफ खोटं. १९७८ साली रिचर्ड सायडन या अभ्यासकाने, याच पुलावर ज्यांना वेळेत अडवलं गेलं अशा ५१५ माणसांचं पुढे काय झालं ते शोधून काढलं होतं. दहातल्या नऊहून जास्त माणसं एक तर अजून जिवंत होती किंवा नैसर्गिक कारणांनी गेली होती. म्हणजे ती 'कुठेतरी दुसरीकडे' गेली नाहीत. घरी गेली. म्हातारी झाली. ती वेळ टळली की बहुतेक माणसं जगतात, आणि ती वेळ टाळायला कधी सायकलवरचा माणूस लागतो, कधी जाळी लागते. प्रत्येकासाठी सायकलवरचा माणूस वेळेवर येणार आहे का?

(हे वाचताना कुणाला आतून काही हललं असेल, तर कृपा करून कुणाशी तरी बोला. भारतात टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६, अमेरिकेत ९८८. मलाही मेसेज करू शकता, रात्री कितीही वाजता.)

बरं, सौंदर्याचंच म्हणता ना? मग या पुलाचाच इतिहास ऐका. हा पूल बांधताना खाली जाळी होती! १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात, जेव्हा मजुराच्या जिवाला कुणी विचारत नव्हतं तेव्हा. त्या वेळच्या बांधकामात दर १० लाख डॉलर खर्चामागे एक माणूस मरणार असा सरळ हिशेब धरायचे. हा पूल साडेतीन कोटी डॉलरचा, म्हणजे ३५ माणसं धरून चाला. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस तो हिशेब धरून चालला नाही. त्याने कामगारांना सक्तीने डोकं वाचवणारी कडक टोपी घालायला लावली आणि पुलाखाली दोरांची जाळी बांधली. १९ माणसं तिच्यात पडली आणि वाचली. 'नरकाच्या अर्ध्या वाटेवरून परतलेले' असा त्यांनी आपला क्लबच केला होता. शेवटी १७ फेब्रुवारी १९३७ ला एक अवजड परांची तुटली, जाळी फाडून खाली गेली आणि १० कामगार तिच्याबरोबर गेले. त्याआधी एक गेला होता. एकूण ११. हिशेब ३५ चा होता.

स्ट्रॉस काही देवमाणूस नव्हता, हेही सांगते. ज्या चार्ल्स एलिसने या पुलाची किचकट गणितं महिनोन् महिने केली, त्याला त्याने कामावरून काढलं आणि श्रेयातून त्याचं नाव पुसलं. एलिसच्या नावाची पाटी पुलापाशी लागायला २०१२ साल यावं लागलं. याचाही मला राग येतो. पण त्या दोरांच्या जाळीसाठी मी स्ट्रॉसला नमस्कार करते.

काकांना ही १९ माणसांची गोष्ट मी त्याच दिवशी खाली फोर्ट पॉइंटला सांगितली. (तो विटांचा जुना किल्ला पुलासाठी पाडायचा घाटत होता, पण स्ट्रॉसने त्याच्यावरून पोलादी कमान नेऊन तो वाचवला. लोक वरून गाड्या पळवतात आणि किल्ला बघतच नाहीत. अवश्य बघा. पूल खालून बघायला त्याच्यासारखी जागा नाही.) काका कमानीकडे मान वर करून बघत होते. म्हणाले, "आमच्या साइटवर कमरेचा दोर मागितला तरी वर तोंड करून उत्तर मिळायचं." आणि मग अचानक, "आणि ती मुलगी? तिच्यासाठी नको का जाळी? बांधताना माणसं वाचवली, आता बांधून झाला तर वाचवायची नाहीत?"

याला काय उत्तर द्यायचं? मला अजून सापडलेलं नाही.

दिसण्याचंच म्हणाल तर या पुलाच्या दिसण्यावर पहिल्यापासून प्रत्येकाचं काही ना काही म्हणणं होतं. तो केशरी-तांबडा रंग, ज्याच्यासमोर आपण सगळे उभे राहतो, तो आर्किटेक्ट आयर्विंग मॉरोने हट्टाने टिकवला. नौदलाला काळे-पिवळे पट्टे हवे होते, जहाजांना नीट दिसावेत म्हणून! पुढे २०२० मध्ये वाऱ्यासाठी एका बाजूच्या कठड्याच्या पट्ट्या बदलल्या, तर जोराच्या वाऱ्यात पूल गुणगुणायला लागला, त्यावरही लोक चिडले. चिडू देत. वाऱ्यात पूल टिकणं महत्त्वाचं.

हं, एक मान्य करते. कठड्याला अगदी चिकटून, सरळ खाली बघितलं तर जाळी दिसते, आणि पूर्वी तिथून नुसतं पाणी दिसायचं. आणि खर्चही अफाट झाला, त्या पैशात इतर ठिकाणी मानसिक आरोग्यावर खूप काही करता आलं असतं, असं म्हणणारे सगळेच निर्दयी नसतात. ठीक आहे. तिकडेही करा. पण 'तिकडे करा' म्हणणारे तिकडेही काही करताना दिसत नाहीत, हा माझा अनुभव.

आणि फोटोचं म्हणाल तर संध्याकाळी त्या गृहस्थांनी सगळे फोटो ग्रुपवर टाकले. मी एकेक मोठा करून पाहिला. उत्तरेच्या व्हिस्टा पॉइंटवरचे, क्रिसी फील्डच्या किनाऱ्यावरचे, बॅटरी स्पेन्सरच्या टेकडीवरून काढलेला तो सगळ्यांचा आवडता फोटो, ज्यात मनोरा समोर आणि मागे शहर. एकाही फोटोत जाळी डोळ्यांत येत नाही. दूरून ती जवळपास विरून जाते, आणि तिचे आधार पुलाच्याच रंगात रंगवलेत. मग वाट नेमकी कशाची लागली?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. ते गृहस्थ वाईट नाहीत. नातवाचं नाक वाहत होतं तर स्वतःचं स्वेटर काढून त्याला दिलं आणि आपण कुडकुडत उभे राहिले. एवढ्या लांबून आलेत, एक फोटो मनासारखा हवा होता, समजू शकते. त्यांनी ती मुलगी पाहिलेली नाही. काकांनी पाहिली होती. २०२४ च्या सुरुवातीला, बातमी आली तेव्हा मी काकांना फोन केला. तब्येतीचं, पाण्याचं, भावकीचं सगळं बोलून झालं आणि मी सांगायच्या आत त्यांनीच विचारलं, "त्या पुलाचं काय झालं गं? जाळी लागली का?" हो म्हटलं. "दोन्ही बाजूंना?" हो काका, दोन्ही बाजूंना. "मग बरं." इतकं बोलून त्यांनी फोन काकूंकडे दिला.

तर आता पुढच्या सुट्टीत तुमच्यापैकी बरेच जण इकडे येताय, म्हणून काही सूचना. जून ते ऑगस्टमध्ये उन्हाळा आहे म्हणून पातळ कपड्यांत पुलावर येऊ नका, दुपारीसुद्धा धुकं आणि वारा हाडं गोठवतो. धुक्यात पूल दिसला नाही तर परत फिरू नका, चालत मधोमध जा, मनोऱ्याचं टोक ढगात आणि खाली जहाजांसाठीचे भोंगे, हेही बघण्यासारखंच आहे. गाडीतून पूल ओलांडणं म्हणजे पूल बघणं नव्हे. पायाखाली तो हलतो, ते चालल्याशिवाय कळत नाही. आधी फोर्ट पॉइंट करा, मग वर या.

आणि चालताना कुणी एकटं, बराच वेळ कठड्यापाशी उभं दिसलं, तर फोटोसाठी बाजूला व्हायला सांगू नका. 'सगळं ठीक ना?' एवढं विचारा. विचारायला संकोच वाटला तर पुलावर मदतीचे फोन लावलेले आहेत, गस्तीची माणसं सतत फिरत असतात, त्यांना हाक मारा आणि ते येईपर्यंत जवळपास थांबा.